लग्नाच्या कोटाची बाही

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, धंदा शिंपीकाम, हे मृत्युपत्र माझ्याच दुकानात बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. समोरच्या डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. फक्त रेडिओ चालू आहे, आणि त्याचा मला वीट आला आहे.

राहते घर माझ्या पत्नीला व तिच्यामागे मुलीला मिळावे. बँकेतली शिल्लकही पत्नीचीच. तिने ती चिरंजीवांना नव्या गाडीसाठी देऊ नये. ती देईल, हे मला ठाऊक आहे, पण लिहून ठेवलेले बरे.

मोठी कात्री मुलीला. तिने त्या कात्रीने कागद कापू नये.

रेडिओबाबत सविस्तर लिहावे लागेल. दुकान उघडले तेव्हाचा हा संच. त्याचा काटा कायम सरकारी केंद्रावर असे. सकाळच्या बातम्यांना मी कापड बेतायचो, कारण बातम्यांना ताल नसतो, कात्री वाहवत जात नाही. शास्त्रीय गायन लागले की हातशिलाई, दुपारच्या जुन्या गाण्यांवर मशीन. काजे करायला हवामानाचा अंदाज उत्तम. सांगणाऱ्याला घाई नसते आणि ऐकणाऱ्यालाही. तिथल्या निवेदिकेला खोकला आला तर ती क्षमा मागायची. चिरंजीव लहान असताना कापडाच्या ठाणांवर बसून, मापाची टेप तोंडापुढे धरून, तिची हुबेहूब नक्कल करायचे. मला त्याचे फार कौतुक होते.

आता चिरंजीव एका किंचाळणाऱ्या केंद्रावर निवेदक आहेत आणि काटा तिकडे आहे. सकाळचे दोन तास. मी एकही दिवस चुकवलेला नाही आणि एकही दिवस मला बरे वाटलेले नाही. गाणे सुरू झाले की त्यावर बडबड, कोणी काही बोललेले नसताना हसणे. ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात तेही आदल्या संध्याकाळी भरून ठेवलेले. दाबलेली जांभई मला कळते. परवा गिऱ्हाइकाच्या छातीचे माप घेताना माझ्या तोंडून गादीची जाहिरात बाहेर पडली. स्वतःचीच शिसारी आली. पत्नी म्हणाली, “एवढा त्रास होतो तर बंद करा की.” मी म्हणालो, “मग त्याचा आवाज कुठे ऐकायचा?”

आता मूळ गोष्ट. लोकांना खोटे फोन करायचे आणि त्यांची फजिती सगळ्यांना ऐकवायची, असा एक कार्यक्रम त्या केंद्रावर चालतो. दोन वर्षांपूर्वी तसा फोन मला आला. एक माणूस रडवेल्या आवाजात सांगू लागला की तुम्ही शिवलेल्या कोटाची बाही भर लग्नात निघाली, लोक हसताहेत, नवरीकडची मंडळी उठून चालली आहेत. बाही मी दुहेरी टाक्याने लावतो, ती निघत नाही. पण वय झाले, हात चुकला असेल, असे वाटून मला घाम फुटला. मी म्हणालो, “दादा, त्यांना जरा थांबवून धरा. सुईदोरा घेऊन निघालोच मी. उभ्या उभ्या शिवून देतो.” पायात चप्पल नाही, तसाच रस्त्यावर आलो. तेव्हा फोनमध्ये हशा पिकला. त्यातले एक हसणे मी ओळखले. शेवटी उचकी लागल्यासारखे, लहानपणापासून आहे ते तसेच.

गंमत होती, असे मला सांगण्यात आले. मी विचारले, “म्हणजे त्या पोराचं लग्न नीट झालं ना?” त्यावर सगळे पुन्हा हसले आणि गाणे लावले.

तो फोन केंद्राने लोकांच्या आग्रहावरून कितीदा तरी वाजवला. मुलीने भावाला जाब विचारला, तर म्हणे, बाबा लोकांना खूप आवडलेत. स्वतः मात्र तेव्हापासून दुकानाची पायरी चढलेले नाहीत. सणकून राग येतो, तो याचा जास्त.

माझ्यामागे काय होणार, ते मला आजच ऐकू येते. चिरंजीव आवाज खाली आणतील, मागे बासरी लावतील, ‘माझे बाबा किती भोळे होते’ म्हणतील आणि तोच फोन वाजवतील. मध्ये गादीची जाहिरात. या विचाराने मला मरायचीसुद्धा किळस येते. म्हणून ठरवतो की, दुकान, मशीन व रेडिओ चिरंजीवांना मिळावा, पण तो फोन पुन्हा कधीही, कुठेही वाजता कामा नये. वाजला, तर सर्व मुलीकडे जावे. दुकान मोक्याचे आहे आणि चिरंजीवांचा त्यावर डोळा आहे, तेव्हा अट त्यांना समजेल. अट मोडली का हे कळावे म्हणून ते केंद्र रोज ऐकत राहण्याची शिक्षा मुलीने कुरकुरत का होईना मान्य केली आहे.

शेजारचा चष्मेवाला तो फोन रेडिओवर ऐकून हसला होता, पण दुसऱ्या दिवशी येऊन खाली मान घालून बसला. म्हणून तो साक्षीदार. इस्त्रीवाला अजून येता जाता विचारतो, ‘काय मास्तर, बाही घट्ट ना?’ साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून तोही साक्षीदार.

हे झाले मरणानंतरचे. अजून मी आहे आणि दुकान उघडे असते. त्या लग्नाबद्दलच्या माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळालेले नाही. चिरंजीवांनी एकदा यावे, पूर्वीसारखे ठाणांवर बसावे आणि न हसता सांगावे की असे कोणाचे लग्न नव्हते, कोणाची बाही निघाली नाही. मला ते माहीत आहे. तरी त्यांच्या तोंडून ऐकायचे आहे. तसे झाले तर वरील अट मी स्वतःच्या हाताने खोडेन. ते दारात दिसले की मी रेडिओ बंद करीन, त्यांचाच कार्यक्रम चालू असला तरी.

स्थळ: दुकान, मशीनसमोर
दिनांक: सोळा मार्च, सोमवार

लिहून देणार: शिंपी (सही)

साक्षीदार पहिला: चष्मेवाला (सही)

साक्षीदार दुसरा: इस्त्रीवाला (सही). त्याने सर्व वाचून मग सही केली. तो हसला नाही, याची नोंद असावी.