घाण्याची आळी

रविवार, दिवेलागण

आमच्या आळीचं नाव बदलणार. आज देवळात मीटिंग झाली, सगळ्यांचे हात वर. 'घाण्याची आळी' जाऊन 'सागरदर्शन नगर'. इथून समुद्र कुठून दिसतो, देव जाणे!

समोरच्या नव्या बिल्डिंगमधली सून म्हणाली, "पत्ता सांगितला की लोक हसतात हो, काकू. घाणीत राहता का, विचारतात."

मी म्हटलं, "अगो, घाण नाही, घाणा! तेलाचा घाणा होता इथे. आता तुमचं पार्किंग आहे ना, तिथेच."

ती गोड हसली. मग चहा आला आणि विषय संपला.

बैलाच्या डोळ्यांवर झापड, लाकडाची ती करकर, आळीभर खोबरेलाचा वास... शाळेतून येताना घाण्यावरचे तात्या ओंजळीत गरम पेंड घालायचे. मी आणि आक्का अर्धी अर्धी खायचो. अर्धी कसली, मोठा वाटा तिचाच.

घरी आले तरी राहवेना. डोंबिवलीला आक्काला फोन लावला. निदान तिने तरी माझ्याबरोबर चिडावं, एवढंच हवं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कुठला गो घाणा? आपल्या आळीत? छे, तुझं काहीतरीच!"

मग थोडा वेळ तिच्या गुडघ्यांवर बोललो.

फोन ठेवून बसल्ये. ओंजळीत ती पेंड अजून कोमट लागते. आणि तिला घाणाच आठवत नाही?

मग तो मोठा वाटा खाल्ला कोणी?