आत्याच्या खोलीतला बल्ब

३ मार्च, सकाळी ८
आत्या बारा तारखेला येतेय. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून थेट आपल्याकडे, महिनाभर. तिनंच मला लहानाचं मोठं केलं, तेव्हा तिच्या खोलीत लख्ख उजेड ही माझी जबाबदारी. तिथला बल्ब कधीचा गेलाय. बायको म्हणाली, वायरमनला बोलावू. मी म्हटलं, आट्यांचा बल्ब आहे, ज्याला मनगट आहे त्याला फिरवता येतो. ती बराच वेळ माझ्या मनगटाकडे बघत होती.

४ मार्च
दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, होल्डर मोठा की छोटा, उजेड पिवळा की पांढरा. वर म्हणे, जुना बल्ब बरोबर आणायचा. जुना बल्ब खिशात घालून हिंडणाऱ्यांतला मी नाही. अंदाजानं सहा घेतले.

४ मार्च, दुपारी
सहाही बारीक आट्यांचे. होल्डर मोठा. बल्ब आत नुसताच गोल गोल फिरतो. होल्डर बसवणाऱ्याची चूक. बल्ब परत करणार नाही. स्टॉक असावा.

६ मार्च
अडॅप्टर आणला. मोठ्या होल्डरात अडॅप्टर, अडॅप्टरात बारीक बल्ब. पण आता बल्ब शेडच्या बाहेर चार बोटं लोंबतोय. बायको म्हणाली, कोणीतरी जीभ काढून दाखवतंय असं वाटतं. तिला तांत्रिक गोष्टींचं कौतुक नाही. तरी सगळं काढून ठेवलं. तिच्यासाठी नव्हे, शेडसाठी.

८ मार्च
बरोबर मापाचा एलईडी आणला. चांगला करकचून बसवला. पेटला, पण थंडी वाजल्यासारखा थरथरतोय. भिंतीवर उजेड कमी-जास्त करायचा डिमर आहे, आणि खोक्यावर छापलंय, ‘डिमरवर वापरू नये’. मुंगीएवढ्या अक्षरांत. कंपनीला खरमरीत पत्र लिहिणार.

९ मार्च
पत्र राहिलं. बल्ब काढताना किंचित जोर लागला. वरचा भाग हातात आला, आट्यांची टोपी होल्डरातच राहिली. पक्कड घेऊन स्टुलावर चढलो. तेवढ्यात बायकोनं विचारलं, मेन स्विच बंद केलाय ना? करणारच होतो. पण असं मध्येच विचारलं की कामातलं मन उडतं. उतरलो.

११ मार्च
उद्या आत्या. अजून पूर्ण दिवस आहे. जरा पडतो, मग बघतो.

१२ मार्च
आत्या आली. पडून उठेपर्यंत कालचा दिवस संपला होता. तिला खोलीत नेलं. खिडकीला पडदा, वर बल्बाचा पत्ता नाही. काय सांगावं याची जुळवाजुळव करत होतो. तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा. म्हणाली, सध्या उजेड टोचतो, ही खोली किती बरी. बायकोला सांगितलं, माझ्या भाच्याला न सांगता कळतं. मी नम्रपणे खाली बघितलं. बायकोला एकदम खोकला आला. एकंदरीत, नियोजन यशस्वी.

२६ मार्च
काळा चष्मा सुटला. आत्याला वाचायचंय. तिनं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मी म्हटलं, सप्लायमध्ये प्रॉब्लेम आहे. बायकोनं वायरमनला फोन केला.

त्यानं मेन बंद केला, पकडीनं टोपी फिरवून काढली, डिमरच्या जागी साधं बटण लावलं, बल्ब बसवला. अकरा मिनिटं. मी स्टूल धरलं होतं. जाताना म्हणाला, एवढा आवळायचा नसतो साहेब, बसला की थांबायचं.

लख्ख उजेड पडला. आत्यानं मला जवळ बोलावलं, दोन्ही हातांत माझा चेहरा धरला. कित्येक वर्षांत तिला मी धडपणे दिसलोच नव्हतो. मलाही भरून आलं. वाटलं, आता काहीतरी आयुष्यभर जपून ठेवावं असं बोलणार.

“बाळा,” ती म्हणाली, “किती म्हातारा झालास रे तू.”

२६ मार्च, संध्याकाळी ६
दुकानात जाऊन येतो. कमी वॅटचा मिळतो का बघतो.