पहाटे अडून बसणारी गाडी

२ फेब्रुवारी २००४, सोमवार

नाहीच! नुसती खर्र-खर्र फिरते. धूर नाही, काही नाही. बॅटरी उतरेपर्यंत ह्यांनी चावी मारली, मी टॉर्च धरून उभी. पहाटे निघून खाणीवर ट्रकात जांभ्याचे चिरे भरायचे, मग आंबोलीचा घाट चढून आजऱ्याला — सगळं राहिलं.

सासूबाई दारातून ओरडल्या, "दीठ लागली गाडयेक!" दीठ लागण्यासारखं आहे काय तिच्यात? रंग उडालेला, एक दिवा फुटका. कोल्हापूरहून आणली त्या दिवशी शेजारच्या काशीबाईंनी विचारलं होतं, "नवी खंय आसा?"

होडीतला वाटा विकून घेतली ही. घ्या म्हणून मीच मागे लागले होते. वारा सुटला की होडी किनाऱ्याला लागेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नसे. म्हटलं, रस्त्यावर माणूस बुडत तरी नाही. आता बसा!

३ फेब्रुवारी

दुपारी गणपत मेस्त्री आले मालवणहून. डिझेलच्या पाइपात हवा शिरली असणार म्हणाले. बोल्ट ढिला केला, हातपंप मारला, फेस गेला, स्वच्छ डिझेल आलं. फिल्टर नवा घातला, सोबत आणलेली चार्ज केलेली बॅटरी जोडली. चावी मारली — आणि धडाडली! कोंबड्या पार विहिरीपर्यंत पळाल्या. मी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

हे मात्र हसले नाहीत. दमले असतील.

४ फेब्रुवारी

पहाटे पुन्हा तेच. खर्र-खर्र.

५ फेब्रुवारी

आजची पहाटही वाया. काशीबाईंकडे हरिश्चंद्रांचा फोन आला, खाणीवर गाड्यांच्या फेऱ्या तेच लावतात. "शनिवारी गाडी इली नाय तर तुमची फेरी दुसऱ्याक." फेरी गेली की गाडी विकायची आणि हे गोव्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाणार. महिना-महिना दर्यात! मग मी मिळवलं काय?

सासूबाईंनी गाडीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेचा जा काय अडला आसात ता सोडव रे म्हाराजा!" काशीबाई आणि मी — "व्हय म्हाराजा!" एरवी मला हसू आलं असतं. आज मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

मेस्त्री दुपारी परत आले. पहिल्याच झटक्यात सुरू! "चालू जाता मगे! गाडयेक कायएक झालेला नाय. तुमी सकाळी करतास तरी काय?" ह्यांच्याकडे बघून हसले. मला असा राग आला! माझा माणूस वाऱ्यावादळातून होडी आणणारा, त्याला चावी फिरवता येत नाही होय?

बंद करताना मेस्त्रींनी स्टिअरिंगखालची एक काळी मूठ बाहेर ओढली. इंजिन गप्प. मी विचारलं, ही कसली? "ही ओढली काय डिझेल बंद. मगे कितीय चावी मार, इंजिन फिरतला, पण पेटूचा नाय." आणि मूठ परत आत ढकलली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

कसं लिहू?

पहाटे चहा घेऊन गाडीकडे गेले. आतला दिवा लागलेला. ह्यांना माझी चाहूल लागली नव्हती. ह्यांनी ती काळी मूठ ओढली. मुद्दाम. हात लावून बाहेर आल्याची खात्री केली आणि मग चावी फिरवली. खर्र-खर्र. तीनदा. मग मूठ परत आत ढकलली आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकून बसून राहिले.

मी चहा घेऊन तशीच मागे फिरले. आधी संतापच आला. पाच दिवस माझा जीव टांगणीला, नवा फिल्टर, म्हातारी देवापुढे नाक घासतेय — आणि हे!

पण ते कपाळ टेकलेलं डोळ्यांपुढून जाईना.

दुपारी मासे निवडता निवडता सहज विचारल्यासारखं विचारलं, "घाट कसो आसा हो?"

म्हणाले, "चढताना कायएक नाय. उतारार ब्रेक लागणत नाय असा वाटता. लागतत. पण वाटता." हातातल्या दोरीला गाठ मारत होते. गाठ बसेना. दर्याच्या उधाणातसुद्धा ह्यांची गाठ कधी चुकली नव्हती.

मला ह्यांना बिलगून रडावंसं वाटलं. तेवढ्यात सासूबाई आल्या. हे उठले. "उद्या जातलंय. भाकरी बांधून ठेव." आवाज नेहमीचा. चेहरा राखेसारखा.

जा म्हणू? नको म्हणू? नको म्हटलं तर मला कळलंय हे त्यांना कळणार.

७ फेब्रुवारी, शनिवार

भाकरी बांधली. हे देवाला हात जोडायला आत गेले तेव्हा मी गाडीत चढले. मूठ आत होती. फेरी गेली तर गेली; मी ती ओढली आणि खाली उतरून उभी राहिले.

हे आले, बसले, मुठीला हात न लावता चावी फिरवली. खरंच जाणार होते. खर्र-खर्र. खाली वाकून बघितलं. मग माझ्याकडे. मी नजर हलवली नाही.

"चालू जाणा नाय," म्हणाले.

"नाय तर नाय," मी म्हटलं.