हेमांगीचा पेपर

हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर

प्रिय शंतनु,

पाकिटावरचं अक्षर तुला ओळखू येईल की नाही, शंकाच आहे. कॉलेजनं माझा लॅपटॉप काढून घेतलाय, ईमेलही बंद केलंय, म्हणून हातानं लिहितेय. संगणक-सुरक्षेची परिषद उद्यावर आलीय आणि ती भरवणाऱ्या बाईवर ही पाळी. नाना मघाशी चहा ठेवून गेले.

वर्षभर मी या परिषदेच्या मागे होते. आपल्या गावात बाहेरचे अभ्यासक यावेत, इथल्या मुलांनी त्यांना बेधडक प्रश्न विचारावेत, एवढीच हौस. मुरारला पाहुण्यांची सोय झाली, इंदरगंजात बॅनर छापून झाले. परीक्षकांनी लेखकांची नावं न बघता पेपर तपासले आणि सगळ्यांत वर आला हेमांगीचा. ती माझ्याकडे पीएचडी करते. बोलते कमी, पण डोकं असं, की तिला शिकवताना मला पुन्हा तुझ्याशी लायब्ररीत वाद घालत बसल्यासारखं वाटायचं.

आईच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट मोबाइलवर उघडताना तिच्या लक्षात आलं, की लिंकमधला एक आकडा बदलला तर दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट समोर येतो. कुणाचा कॅन्सर, कुणाचं बाळंतपण, सगळं उघड्यावर. तिनं तिथेच थांबून ते ॲप बनवणाऱ्या कंपनीला कळवलं. मीही कळवलं, पुन्हा पुन्हा. ना उत्तर, ना दुरुस्ती. मग तिनं पेपर लिहिला, कंपनीचं नाव न घालता. तरी कुणीतरी ओळखलंच. कंपनी आमच्या एका विश्वस्तांच्या जावयाची निघाली.

कॉलेजचे डायरेक्टर आधी गोडीत म्हणाले, "मॅडम, एक पेपर ही तो है, निकाल दीजिए." मी नाही म्हटलं. मग कंपनीच्या वकिलाची नोटीस आली आणि माझा लॅपटॉप गेला. पेपर वाचला तर हेमांगीवर पोलिसांत तक्रार. समितीतले लोक एकेक करून आजारी पडायला लागले. गुरुप्रसादबरोबर मी ही परिषद आखली होती. तो फोनवर म्हणाला, "अवंतिका, मला मुलंबाळं आहेत गं." मला त्याचा रागही येईना. ओळखीच्या प्रत्येकाच्या दारात जाऊन आले. सगळ्यांनी चहा पाजला, सोबत उभं राहायला कुणी तयार झालं नाही.

काल हेमांगीचे वडील, विक्रमसिंह, घरी आले. फौजेतून निवृत्त झालेला ताठ माणूस, माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. म्हणाले, "पोरीच्या नावावर एकदा केस लागली की नोकरी, लग्न, सब खत्म. तुम्हीच बघा काही."

आज सकाळी मी डायरेक्टरना सांगितलं, पेपर मागे घेतला. मग हेमांगीला बोलावून तेच सांगितलं. "मॅम, आप भी?" ती एवढंच म्हणाली. मी तिला काही समजावलं नाही. म्हटलं, पुण्याला माझे मित्र आहेत, त्यांच्या प्रयोगशाळेत जागा आहे, आजच्याच गाडीनं नीघ आणि हे पत्र त्यांना दे. आता थोड्या वेळात ती पाकीट न्यायला येईल. माझ्याशी बोलेल असं वाटत नाही.

शंतनु, तुझ्याकडे जागा आहे की नाही, मला खरंच माहीत नाही. तू पुण्याला चल म्हणालास तेव्हा मुलगी म्हणून नानांना एकटं टाकून यायचं मला जमलं नाही, आणि त्यानंतर तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आज मागतेय. उद्या उद्घाटनानंतर पहिलं भाषण माझं आहे. त्यात मी तो पेपर वाचणार आहे, ॲपची चाचणी मीच केली असं सांगून, माझ्या एकटीच्या नावावर. छापील प्रतीवरचं तिचं नाव मी खोडलंय. काम तिचं आहे, आणि मी ते चोरलं असंच जगाला दिसेल. पण तक्रार माझ्यावर होईल. नोकरी तर जाईलच, पुढचं काही सुचत नाही. तू हे वाचशील तोवर सगळं होऊन गेलेलं असेल. तुझ्या दारात उभी आहे ती हेमांगी. तिला आत घे. गाडीत तिनं काही खाल्लं नसेल, आधी जेवायला वाढ. मग हे पत्र तिच्या हातात दे.

तुझीच,
अवंतिका