जादा म्हणून काढलेली ओळ

लातूर, मंगळवार, दिवेलागण

पाण्याच्या टँकरच्या फेऱ्या लावणाऱ्या जुन्या सी प्रोग्राममधली जादा डिक्लेरेशन, म्हणजे फंक्शनची आधी ओळख देणाऱ्या ओळी, आज काढल्या. एकच फंक्शन दोन-दोन जागी सांगितलेलं. एक ठेवायचं, दुसरं उडवायचं. हा प्रोग्राम लिहिणाऱ्या कांबळे सरांच्या एका ओळीपुढं लिहिलं होतं, "हात लावू नका." तीही जादाच समजून उडवली. कशापायी? हुशारी, दुसरं काय!

उदगीरकडची गावं तपासली, क्रमांक बरोबर आले. पाचला उद्याच्या फेऱ्यांची यादी पाठवली.

मग सरांना सहज फोन केला. ती ओळ काढल्याचं सांगितलं, तसे ते म्हणाले, "अरे, मागनं जोडलेल्या जिल्ह्यातल्या गावांचे क्रमांक लई लांब हायेत. त्या ओळीबिगर ते मधीच तुटतेत, अन् गाव यादीतनं गळतंय. लहान क्रमांकाला काही होत न्हाई."

मी लहानच तपासले होते.

हात लावू नका. एवढं साधं लिहिलेलं.

ओळ परत घातली, यादी पुन्हा काढली. मघाच्या यादीत नसलेली अकरा गावं निघाली. नवी यादी पाठवली, पण एकाही ड्रायव्हरनं अजून उघडलेली नाही. पहाटे ते जुन्याच यादीवर निघाले तर?

त्या अकरांत आत्याचं गाव आहे. सकाळीच तिनं विचारलं होतं, "उद्या नक्की येतंय ना रे टँकर? घरातलं संपवू का?"

मी हाव म्हणलो.