सोवळ्यातले हात

नाशिक, शके १८५८
कार्तिक शु. ७
दिवसातून हात किती वेळा धुते ते आजपासून लिहायचे. पुढे नुसते 'हा.' घालीन. स्वारी म्हणते, चाळीसच्या खाली नसतील. मी म्हटले, दहा-बारा. त्यांना खोटे पाडण्यासाठीच ही वही.
हा. ३८. वकील माणूस, अंदाज चुकायचा नाही. तरी चाळीस नाहीतच!

कार्तिक शु. १०
शेजारच्या गोदूताई नव्या सुनेला घेऊन आल्या. "काकूंचे सोवळे बघून घे. साऱ्या गल्लीत असे सापडायचे नाही." सून बघत होती माझ्या बोटांच्या भेगा. पडल्यात खऱ्या, तूप लावते. पण वीस वर्षांत माझ्या नैवेद्याला कुणी नाव ठेवलेले नाही, हे काय उगाच? छाती फुगली, लपवत नाही. हा. ४१.

कार्तिक व. २
जेवताना स्वारींनी विषय काढला. गंगापूर रोडला एका बंगल्यात त्यांचे कॉलेजातले स्नेही डॉक्टर राहायला आलेत. औषध-बिषध नाही. आठवड्यातून दोनदा तासभर समोर बसवून माणसाला बोलते करतात, म्हणे. मनाच्या दुखण्यावर.
"म्हणजे मी वेडी?"
"वेडी असतीस तर विचारत बसलो असतो का?"
मी ताटावरून उठले. परक्या पुरुषासमोर तासभर बोलायचे, तेही कशाबद्दल, तर पाण्याबद्दल! हा. ४६.

कार्तिक व. ५
सासऱ्यांचे श्राद्ध. लिहायची लाज वाटते, पण खोटेच लिहायचे तर वही कशाला.
वखारीतल्या सरपणाला कुणाकुणाचे हात लागलेले. दुसरी कुणी चार थेंब शिंपडून मोकळी झाली असती. मी पहाटे उठून एकूण एक लाकूड चोळून धुतले. कोंडाबाई धुण्याभांड्याला आली, ती बघतच राहिली. "लाकडं कोन धुतं व्हय बाई? पेटायची नाय ती." तिला म्हटले, तू गप.
पेटली नाहीत. घरभर धूर. खीर कच्ची, वड्यांचे तेल तापेना. ब्राह्मण चार वाजेपर्यंत उपाशी. शेवटी स्वारींनी गोदूताईंकडून कोरडी लाकडे आणली, ती मी न धुताच चुलीत सारली. स्वारी स्वतः ब्राह्मणांना वारा घालीत बसली. त्याचाच जास्त राग आला.
हा. मोजले नाहीत.

कार्तिक व. ९
सिन्नरहून लेकीचे, कमळचे पत्र. तिला सातवा लागला. पहिले बाळंतपण, माहेरीच व्हायचे. आणायला माणूस धाडणारच होते. लिहिते: "आई, मी इथेच राहीन म्हणते. सासूबाई करतील सगळे. तू बाळाला मांडीवर घेशील का, एवढेच खरेखरे कळव. मी शाळेतून आले की तू म्हणायचीस, आधी अंघोळ. अंघोळ करून यायची तर तू सोवळ्यात."
रडले. पोरगी माझ्यासारखीच, मनात एक नि पत्रात एक असे नाही. रडता रडता तिचा अभिमान वाटला.
उत्तराला बसले. 'हो, घेईन.' दोनच शब्द. लिहवेनात. हा. ५२.

कार्तिक व. १२
स्वारींना विचारले, त्या डॉक्टरांकडे घरात आणखी कोण असते?
"बायको असते शेजारच्या खोलीत. हवे तर मी ओसरीवर बसेन."
"तुम्ही नको. धरून आणलेय असे दिसायला नको."
स्वारी हसली. पुष्कळ दिवसांनी.
कोंडाबाईने ऐकले असावे. भांडी विसळता विसळता म्हणाली, "माझ्या भावाचं डोकं फिरलं तवा भगतानं चिंचेच्या फोकानं मारलं वो. तुमाला तर निस्तं बोलायचं हाय."
डॉक्टरांना आधीच सांगायचे: सोवळ्याची थट्टा चालणार नाही. ते माझ्या सासूने विश्वासाने माझ्या हाती दिलेले आहे. ते राहील. जायचे ते दुसरे. दोहोंच्या मधली रेघ कुठे, ते मलाही कळत नाही. कळत असते तर सरपण धुतले नसते.
हा. ४४.

मार्गशीर्ष शु. १
डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. माझे अक्षर, माझी सही. "एकदा येऊन पाहीन. पटले नाही तर पुन्हा येणार नाही."
कमळला कार्ड: "घेईन की नाही, ते आज सांगवत नाही. पण तू ये."
दोन्ही पत्रे स्वारींच्या हाती टाकायला द्यायची, असे कालपर्यंत होते. नाही दिली. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत स्वतः गेले. साऱ्या गावाचे हात लागलेली ती पेटी. बोटे आतपर्यंत घालून पत्रे सारली. खाली पडल्याचा आवाज आला तेव्हा वाटले, वा गं बाई!
घरी येऊन थेट वही उघडली. आजवर धुतल्या हातांखेरीज हिला शिवले नव्हते. घंगाळ भरलेले आहे, शेजारी तांब्या. इथून दिसतो. अक्षर वाकडे येतेय. येऊ दे.
हा. पेटीला हात लागल्यापासून ०. अजून तरी.