एकतीस किलोंची उजवी कडी

ती. साडूभाऊंस,

धाकट्या साडूचा साष्टांग नमस्कार. (कंबर आठ अंगांत मोजतात की नाही, मला ठाऊक नाही. मोजत असतील तर या खेपेला सातांवर भागवून घ्यावे.)

ताजी बातमी अशी, की माझा नवा पॉवर ॲम्प्लिफायर एक किलो सातशे ग्रॅम भरला. याला टपाल कचेरीच्या काउंटरवरील बाईंनी दुजोरा दिला आहे. घरचा काटा आमच्या हिने, म्हणजे धाकटीने, स्वतःला सोयीचा करून ठेवला असल्याने त्याची साक्ष मी धरत नाही. बाईंनी आकडा वाचला आणि विचारले, "कुठं पाठवायचंय?" मी म्हटले, "कुठंच नाही, घरी न्यायचंय परत." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि मागच्या माणसाला पुढे बोलावले.

तुमची प्रकृती ठीक असल्याचे कळते. तुमचा गुडघा, ताईंचा खोकला, न्हाणीघरातला बदललेला नळ, सगळेच कळते. आपण दोघे चार महिने बोलत नसलो तरी आपल्या बायका सख्ख्या बहिणी आहेत आणि दिवसातून दोनदा फोनवर असतात. माझे क्षेमकुशलही तुम्हाला पोचत असणार, बहुधा मला कळण्याआधीच.

जिन्यावरच्या त्या प्रकाराबद्दल या पत्रात काही लिहायचे नाही, असे मी ठरवले आहे. म्हणून थोडक्यात लिहितो. सुताराच्या कारखान्यावर आपल्या वाद्यमंडळाची तालमीची खोली. जिना एकवीस पायऱ्यांचा. तुम्ही बावीस म्हणता. जुना ॲम्प्लिफायर एकतीस किलोंचा. डावी कडी धरून मी वर उलट्या पावलांनी चढतो आहे, उजवी कडी धरून तुम्ही खालून पायऱ्या मोजता आहात. तुम्ही म्हणालात, "एक राहिलीय." मी म्हटले, "संपल्या." त्यापुढचे माझी कंबर बोलली. आडवा पडल्या पडल्या मी तुम्हाला विचारले, की तुम्ही ना गिटार वाजवता, ना गाता, ओझी उचलण्यापलीकडे या मंडळात तुमचे काम काय? तुम्ही ॲम्प्लिफायर जागेवर नेऊन ठेवलात, हात झटकलेत आणि गेलात. (एकतीस किलो एकट्याने उचललेत, हे मी पडल्या जागेवरून पाहिले. त्या वेळी दाद देण्याची परिस्थिती नव्हती.)

डॉक्टरांनी पाच किलोंच्या वर काही उचलायचे नाही असे बजावले, म्हणून हलका ॲम्प्लिफायर शोधणे आले. दुकानदार विचारी, "किती वॅटचा दाखवू?" मी विचारी, "किती किलोंचा आहे?" असा आमचा संवाद अर्धा तास समांतर चालला. त्याचे म्हणणे, गिटारचा सूर पायाखालच्या पेडलांतच घडतो, ॲम्प्लिफायरने फक्त तो स्पीकरच्या कॅबिनेटांना मोठ्याने सांगायचा. त्याला एवढे जड असण्याचे कारण नाही. (ही गोष्ट बऱ्याच माणसांनाही लागू पडते, पण मी विषय वाढवला नाही.) मग त्याने विचारले, "तुमची कॅबिनेटं किती ओहमची?" ओहम म्हणजे कॅबिनेट विजेला किती अडवते त्याचे माप. ते मागच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते, आणि मागची बाजू सतरा वर्षे तुमच्याकडे. मी धाकटीला फोन केला, धाकटीने ताईंना केला. बारा मिनिटांत उत्तर आले: "एकेक आठाचं आहे. दोन्ही जोडली की चार होतात, सांग त्याला." मी धाकटीला म्हटले, "हे मला ठाऊक होतं, असं कळव." तिने कळवले नसावे.

तालमीला पहिल्याच गाण्यात ॲम्प्लिफायर चालू लागला. म्हणजे वाजत होताच, शिवाय चालत होता. तुम्ही केलेली ती अंगठ्याएवढी जाड केबल त्याच्याहून जड. ती मागून ओढते, खालून कॅबिनेट थरथरते, आणि हा बोटबोट मागे सरकतो. खाली रबर घातले, तर रबरासकट निघाला. भूगोलाचे मास्तर गाणे थांबवून म्हणाले, "खंडसुद्धा असेच सरकतात हो, फक्त सावकाश." तिसऱ्या गाण्याला ॲम्प्लिफायर कॅबिनेटच्या कडेवरून सुटला. ड्रम वाजवणाऱ्या दंतवैद्यांनी डाव्या हाताने झेलला आणि उजव्याने ठेका सोडला नाही. जुना असता तर आज मंडळात दंतवैद्य नसते.

शेवटी तोडगा निघाला. जुना ॲम्प्लिफायर तुम्ही ठेवलात तिथेच, कॅबिनेटवर, बसला होता. त्याच्याखाली केबल दाबली, आणि नवा गपगुमान उभा राहिला. तात्पर्य, हलका ॲम्प्लिफायर उत्तम आहे. फक्त त्याच्यासोबत जड न्यावा लागतो. शनिवारी चार वाजता वाचनालयाच्या नव्या सभागृहात आपला कार्यक्रम आहे. मंडळाचे सगळे ठीक चालले आहे, काळजी नसावी.

ताईंना नमस्कार.

आपला,
धाकटा साडू

ता. क. दुकानदार म्हणाला, पातळ, हलकी केबल घ्या, प्रश्नच मिटेल. त्याच्याकडे होती. मी घेतली नाही. हे धाकटीला कळू देऊ नये.

ता. क. २. काल तालमीच्या खोलीवर एकटाच गेलो आणि जिना दोनदा मोजला, एकदा चढताना, एकदा उतरताना. पायऱ्या बावीस आहेत. सुताराने दुजोरा दिला; जिना त्यानेच बसवला आहे. आडवा पडून मी जे विचारले, त्याचे उत्तरही त्यालाच ठाऊक होते. म्हणाला, "ते मोजणारे येत नाहीत का हल्ली? त्यांच्या आवाजावर खाली आम्हाला कळायचं, तुमची तालीम सुरू होणार."

ता. क. ३. शनिवारी अडीच वाजता सामान उतरवायचे आहे. डावी कडी दंतवैद्य धरतील (त्यांना अजून सांगितलेले नाही). नवा ॲम्प्लिफायर काखेत घेऊन मी पुढे चालेन आणि तोंड बंद ठेवेन. उजवी कडी रिकामी आहे. मोजायचे तुम्हीच.